‘दोर 5 टनाचा आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

मे महिना लागला की सोसायट्यांच्या ग्रुपवर आणि झाडं तोडणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, कधी व्हिडिओसकट कधी नुसताच, झाड वरून तुकड्या-तुकड्याने कापून ओंडके दोराने खाली सोडण्याबद्दल, मजकूर साधारण असा: 16 एमएमचा नायलॉन दोर 5 टन झेलतो, ओंडका 200 किलोचाही नसतो, त्यामुळे कापायच्या जागेखाली कप्पी बांधा, बुंध्याला चार वेढे मारून दोर गच्च धरा, अजिबात सरकू देऊ नका, नायलॉन ताणला जातो म्हणून हिसका तोच खातो, झाड काही हलत नाही, आणि तुकडे मोठे काढा म्हणजे एका दिवसात काम संपतं. खाली दोनशे लाईक आणि ‘एकदम बरोबर भाऊ’.

बरोबर नाहीये. आणि ह्याचा त्रास खाली मेसेज वाचणाऱ्याला होत नाही, वर खोडाला पट्टा बांधून उभा असतो त्या पोराला होतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

आधी तो 5 टनाचा हिशोब. नव्या कोऱ्या 16 एमएम नायलॉनचा तुटण्याचा आकडा 5 टनाच्या आसपास असतो हे खरं, पण तो तुटण्याचा आकडा आहे, वापरायचा नाही, आणि तो सरळ, कोरड्या, बिनगाठीच्या दोराचा आहे. गाठ मारली की ताकद तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जाते, नायलॉन भिजला की आणखी दहा-पंधरा टक्के जाते, आणि दोन उन्हाळे टेम्पोच्या टपावर पडलेल्या दोराचं काय झालंय ते वरून बघून कळतच नाही. म्हणून झाडकामात दोराच्या आकड्याचा दहावा हिस्साच धरायची पद्धत आहे, म्हणजे 5 टनाचा दोर कामाला 500 किलोचा.

मग म्हणाल 500 तर 500, ओंडका 180चाच आहे ना. इथेच सगळी गोम आहे. चार फूट घेराचा, पाच फूट लांबीचा ओला ओंडका घ्या, वजन 160 ते 180 किलो भरतं. कप्पी कापाच्या खाली आहे, म्हणजे ओंडक्याचा मध्य कप्पीच्या तीनेक फूट वर, आणि तो उलटून खाली लोंबायला लागतो तेव्हा तीनेक फूट खाली, म्हणजे दोर ताठ व्हायच्या आधी तो सहा फूट मोकळा पडलेला असतो. आता खाली गच्च धरलंय आणि दोर ताणून, खोड वाकून सगळं मिळून दोन फुटात तो थांबला, तर सरासरी जोर वजनाच्या चौपट, आणि दोर ताणला जाताना जोर चढत चढत जातो म्हणून शेवटचा हिसका आठपटीपर्यंत, म्हणजे 1400 किलोच्या वर! 500च्या दोरावर. आणि कप्पीला तर दोन्ही बाजूंनी ओढ बसते, एका बाजूला ओंडका आणि दुसऱ्या बाजूला धरलेला दोर, म्हणजे घर्षण वजा जाता तिच्यावर अडीच टनाच्या घरात. कप्पी ज्या पट्ट्याने बांधलीय तो पट्टा, ती डी-शॅकल (पट्टा आणि कप्पी जोडणारी लोखंडी कडी), आणि ज्या खोडावर हे सगळं आहे ते खोड, सगळ्यांवर तेवढंच. त्याच खोडाला माणूस बांधलेला आहे.

आणि एकदा तुटला नाही म्हणजे दोर पास झाला असंही नसतं, प्रत्येक मोठा हिसका आतले धागे खात जातो, मग एखाद्या दिवशी साध्या फांदीला तुटतो आणि सगळे म्हणतात अरे ह्याने तर केवढे ओंडके उतरवले होते.

आता ‘सरकू देऊ नका’. ह्या एका वाक्याने जेवढं नुकसान केलंय तेवढं बाकी सगळ्या मेसेजने मिळून केलं नसेल. वरचाच ओंडका, तेच सहा फूट, पण खालच्या माणसाने दोर सरकू दिला आणि हळूहळू आवळत बारा फुटात थांबवला तर जोर वजनाच्या दीडपट, 270 किलो, थोडं कमी-जास्त झालं तरी 350च्या पुढे जात नाही. 1400 कुठे आणि 350 कुठे, दोर तोच, कप्पी तीच, फरक फक्त खालच्या हाताचा. विहिरीत भरलेला पोहरा हातून सुटला तर कोणी दोर एकदम मुठीत पकडत नाही, सरकू देत देत आवळतो, कारण तळहात लगेच सांगतो. इथे तळहाताच्या जागी वरचा माणूस आहे.

वेढ्यांचं गणित पण लोकांना साधं वाटतं, एक वेढा म्हणजे एवढं, चार म्हणजे त्याच्या चौपट. तसं नसतं, पकड गुणाकाराने वाढते. एका वेढ्याने तिप्पट-साडेतिप्पट झाली तर दोन वेढ्यांनी नऊ ते बारापट होते, आणि आंब्याच्या किंवा पर्जन्यवृक्षाच्या खरखरीत सालीवर चार वेढे म्हणजे दोर जाम, सोडायचा म्हटलं तरी सुटत नाही. बुंध्याला बांधायचा गुळगुळीत लोखंडी ड्रम मिळतो तो घ्या, नसेल तर साल बघून एक-दीड वेढ्यापासून सुरुवात करा, आधी एक छोटी फांदी सोडून बघा, मग वाढवा. ढील मात्र कापायच्या आधी काढायची, ती सरकण्यात धरायची नाही, कारण दोन फूट ढील म्हणजे ओंडका आणखी दोन फूट मोकळा पडणार. ढील शून्य, आणि वजन आलं की सरकवणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालच्याच्या हातात ग्लोव्हज, दोर हाताला गुंडाळायचा नाही, पाय वेटोळ्यात नाही, आणि ‘सोड’ म्हणजे काय नि ‘धर’ म्हणजे काय ते चेनसॉ चालू व्हायच्या आधी ठरवायचं कारण नंतर काही ऐकू येत नाही.

खाली पत्र्याचं छप्पर आहे, सरकवायला जागाच नाही, असं असेल तर तुकडा लहान करा. त्याचं पुढे सांगतो.

नायलॉन हिसका खातो हे अर्धं खरं आहे. ताणला जातो हा गुण चांगलाच, पण ताण मिळतो तो दोराच्या लांबीवर. ड्रम किंवा वेढे खाली बुंध्याशी असतील तर कप्पीपासून खालपर्यंतचा तीस-चाळीस फूट दोर कामाला येतो. तोच दोर वरच फांदीला वेढून धरला तर ताणायला राहतो दोन-तीन फूट, मग काय खाणार? आणि एक बघा, हार्डवेअरच्या दुकानात ‘नायलॉन’ म्हणून जे निळं-पिवळं चकचकीत देतात ते बऱ्याचदा पॉलीप्रॉपिलीन असतं, तो दोर 165 अंशाच्या आसपास वितळतो, वेढ्यावरून जोरात सरकला की घर्षणानेच. असा दोर काम झाल्यावर बोटांतून फिरवून बघा, एखाद्या जागी काचेसारखा गुळगुळीत आणि कडक लागला, तिथे वाकवताना कटकट आवाज आला, तर तो भाग वितळून थिजलेला आहे. तो दोर पाणी भरायलासुद्धा ठेवू नका, कारण घरात राहिला की परत कोणीतरी झाडाला नेतो.

झाड हलत नाही म्हणणाऱ्याने एकदा कोकणात दोन घरांच्या मध्ये उभ्या माडाचा शेंडा सोडताना बघावं. शेंडा गेला की उरलेला सुळका हातभर इकडे, हातभर तिकडे झुलतो, आणि माणूस त्याला मिठी मारून असतो. त्यात सोंड्या भुंग्याने आतून पोखरलेला माड असेल, किंवा खोडकिड्याने खाल्लेला आंबा, तर त्यावर अडीच टनाचा हिसका म्हणजे खोडच मोडायची वेळ. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंध्यापासून वर ठोकत जा, पोकळ वाजलं, भुसा दिसला, तर त्या झाडावर कप्पी नाहीच, क्रेन किंवा शेजारचं धड झाड. शेजारी उंच मजबूत खोड असेल तर तसंही कप्पी तिथे, कापाच्या वर बांधावी, मग ओंडका पडतच नाही, फक्त झुलतो, तेवढी झुलायची वाट मोकळी ठेवायची. अर्थात तेव्हाही एकदम सुटलेलं वजन एक इंचही न पडता दुप्पट जोर देतंच, म्हणून हिशोब कधीच नुसत्या वजनाचा धरू नका.

राहिले मोठे तुकडे. तुकड्याची लांबी अर्धी केली की वजन अर्धं होतं, आणि मध्यापासून कापापर्यंतचं अंतर पण अर्धं होतं, म्हणजे पडायची उंचीही जवळजवळ अर्धी, म्हणून दोराला पडण्याची जी ऊर्जा झेलायची ती निम्मी नाही, चौथ्या हिश्श्यावर येते. पाच फुटाच्या ऐवजी अडीच फुटाचे दोन तुकडे केले तर एक काप आणि एक गाठ जास्त, कामाला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना पण सांगणं आहे, झाडाची परवानगी तुम्ही शहरातली झाडं जपण्याच्या महाराष्ट्राच्या 1975च्या कायद्याप्रमाणे रीतसर काढता, तसाच कोटेशन घेताना एक दिवस जास्त धरून द्या, कारण ‘आजच संपवा’ असं खालून कोणीतरी ओरडतं तेव्हाच वर पाच फुटाचा ओंडका कापला जातो.