माफ केलंय, पण साक्ष फिरवणार नाही

आज १३ मे. सकाळी उठून मोबाईल हातात घेतला तर आमच्या खानदानाच्या ग्रुपवर तोच फोटो. पांढऱ्या झग्यातले पोप जॉन पॉल दुसरे आणि त्यांच्यासमोर खुर्चीत निळ्या स्वेटरमधला, त्यांच्यावर गोळ्या झाडणारा मेहमेत अली आग्जा, दोघं डोकं जवळ आणून बोलतायत. खाली गुलाबाची फुलं आणि मजकूर: ‘गोळी मारणाऱ्यालाही ज्यांनी माफ केलं, त्यांच्याकडून शिकू या. जुनं विसरू या.’ त्यावर हात जोडलेल्या इमोजींची रांग.

पाठवणारे कोण, तर ज्यांनी आमच्या पप्पांच्या डोक्यात फावडा घातला त्यांच्याच घरातले.

वसईतल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. वाडीचा बांध. पप्पांच्या चुलतभावाने बांध सरकवला, पप्पांनी विचारलं, बोलाचाली झाली आणि मागून फावडा आला. डोक्याला टाके, डावा हात प्लास्टरमध्ये. पोलीस केस झाली, कोर्टात उभी राहिली. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयताला कोणीतरी मला बाजूला घेतं आणि हळूच म्हणतं, ‘अगं, पप्पांना सांग ना. पोपने नाही का माफ केलं?’

तर मग आज त्या फोटोबद्दल बोलूच.

१९८१ साली १३ मेला बुधवार होता. संध्याकाळी व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात उघड्या गाडीतून लोकांना भेटत असताना पोपना गोळ्या लागल्या. पोटात, डाव्या हाताच्या बोटाला, उजव्या हाताला. गर्दीतल्या दोन बायकाही जखमी झाल्या, त्यांची आठवण फॉरवर्डवाल्यांना कधी येत नाही. रोमच्या जेमेल्ली हॉस्पिटलात पाच तासांहून जास्त ऑपरेशन चाललं. आणि चारच दिवसांनी, रविवारी, त्याच खाटेवरून रेकॉर्ड केलेला त्यांचा आवाज चौकात ऐकवला गेला: मला मारणाऱ्या त्या भावासाठी प्रार्थना करा, मी त्याला मनापासून क्षमा केली आहे. हे वाक्य आठवलं की आजही मला भरून येतं. शरीर शिवलेलं, बोलायला त्रास, आणि तोंडून आलेला शब्द ‘भाऊ’.

पण पुढे काय झालं? जुलैमध्ये इटलीच्या कोर्टाने आग्जाला जन्मठेप दिली. पोपनी ‘सोडा त्याला’ म्हणून मोर्चा काढला नाही. तुमच्या लाडक्या फोटोतली भेट झाली २७ डिसेंबर १९८३ ला, रेबिब्बिया तुरुंगात. परत वाचा, तुरुंगात. पोप भेटायला आत गेले, बोलले आणि बाहेर आले. आग्जा आतच राहिला. त्या भेटीतही त्याने ‘मला माफ करा’ असं म्हटलं नाही, हे पोपच्या सचिवांनी नंतर सांगितलंय. मागितली नसतानाही त्यांनी क्षमा दिली, आणि शिक्षा जिथल्या तिथे राहिली.

हो, माहितीये, २००० साली इटलीच्या राष्ट्रपतींनी त्याला माफी दिली आणि व्हॅटिकनला आनंद झाला. मान्य. एकोणीस वर्षांनी! आणि तेव्हाही तो घरी गेला नाही. थेट तुर्कस्तानच्या तुरुंगात गेला, कारण १९७९ साली इस्तंबूलमध्ये त्याने अब्दी इपेक्ची या संपादकाचा खून केला होता. त्या खुनाची क्षमा पोप कुठून देणार? ती त्यांची नव्हतीच द्यायला. पोपना मारायला कोणी पाठवलं होतं त्याला, बल्गेरिया की आणखी कोण, यावर वाचायला भरपूर आहे, ज्यांना रस असेल त्यांनी वाचावं. मला त्यात पडायचं नाही.

मला पप्पांबद्दल बोलायचंय. फेब्रुवारी १९८६ मध्ये हेच पोप मुंबईत आले तेव्हा पप्पा पहाटेची लोकल पकडून दादरला शिवाजी पार्कवर त्यांच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, गेले होते. एवढ्या लांबून दिसला तो पांढरा ठिपकाच, पण अजून सांगतात. त्यांना क्षमा शिकवायला निघालात तुम्ही? प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, एकमेकांना शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली, तेव्हा पप्पा दोन बाकं ओलांडून गेले आणि त्या चुलतभावाचा हात हातात घेतला. मी रागाने बघत होते. त्याच चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला गेले, जेवले, आहेर देऊन आले. मी गेले नाही. माझं मन एवढं मोठं नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही.

मग आणखी काय हवंय तुम्हाला? ते मला पक्कं माहितीये. ही केस सरकारची आहे, पप्पा म्हणाले म्हणून मागे घेतली जात नाही. म्हणून तुम्हाला हवंय ते एवढंच, की पप्पांनी कोर्टात उभं राहून म्हणावं, ‘अंधार होता, कोणी मारलं ते नीट दिसलं नाही.’ घरी येऊन, सोफ्यावर बसून, आमचा चहा पिऊन सांगितलंत हे. आणि पप्पा शांतपणे म्हणाले, ‘त्याला माफ केलंय मी. पण शपथ घेऊन खोटं कसं बोलू?’

पोप म्हणाले होते का, की मला नीट दिसलं नाही?

कबूल आहे, भावकीत केस चालली की दोन पिढ्यांचं येणंजाणं तुटतं, मुलांना फुकट भोगावं लागतं. ते मलाही नको आहे. त्यांच्या घरातली धाकटी माझ्या मुलीच्या वर्गात आहे, एकाच रिक्षाने जातात, आणि जाऊ देत. पण मारलेल्या माणसाने आधी रक्त द्यायचं, मग क्षमा द्यायची आणि वर साक्षही फिरवायची हा कुठला हिशेब? मारणाऱ्याने अजून एकदाही ‘चुकलो’ म्हटलेलं नाही. निदान बांध तरी जागेवर आणा. दगड उचलायला पोपची गरज नाही.

पुढची तारीख जूनमध्ये आहे. पप्पांची साक्ष आहे, मी सोबत जाणार आहे. ज्यांना मला कडक, भांडखोर, अख्रिस्ती वगैरे म्हणायचंय त्यांनी इथेच कमेंटमध्ये म्हणा. घरी फोन करून पप्पांना त्रास देऊ नका, त्यांचं बीपी वाढतं.