'ओशन्स ट्वेल्व्ह' ही काय नुसती पिकनिक नाहीये

अहो, 'ओशन्स ट्वेल्व्ह'वर एवढी लांब कमेंट लिहिलीत तर उत्तरही जरा ऐसपैसच देतो. तुमचं म्हणणं असं की या चोरांच्या पिक्चरसाठी जॉर्ज क्लूनी, ब्रॅड पिट आणि मंडळी युरोपात फिरायला गेली आणि जाताजाता पिक्चर उरकून आली, आणि वर शेवटी कळतं की ज्याच्या चोरीची शर्यत लागलेली असते ते फॅबर्जेचं रत्नजडित शोभेचं अंडं आधीच ट्रेनमध्ये लंपास झालेलं, म्हणजे मधला सगळा खटाटोप खोटा, प्रेक्षकाला येड्यात काढलं. (पिक्चर न बघितलेल्यांनी इथंच थांबा, पुढे सगळं फोडलंय.)

येड्यात काढलं हे खरंच आहे हो, पण तो खटाटोप होता नाइट फॉक्ससाठी, म्हणजे व्हिन्सेंट कॅसलने केलेल्या समोरच्या युरोपियन चोरासाठी, त्याला वाटलं पाहिजे की हे लोक अजून धडपडतायत, आणि आपण त्याच्याच शेजारी बसून बघत होतो म्हणून आपणही फसलो. आता हे कुठनं आलं, तर जॉर्ज नोल्फीची स्क्रिप्ट मुळात सीक्वेल म्हणून लिहिलेलीच नव्हती. 'ऑनर अमंग थीव्ज' नावाची वेगळीच स्टोरी होती, दिग्दर्शक जॉन वूसाठीची, अमेरिकेतला भारी चोर विरुद्ध युरोपातला भारी चोर. तीच या पिक्चरचा दिग्दर्शक सोडरबर्गने घेतली आणि त्यात डॅनी ओशनची, म्हणजे क्लूनीची, गँग बसवली. म्हणून २००१ च्या पहिल्या पार्टसारखा ('ओशन्स इलेव्हन') 'आधी प्लॅन, मग तिजोरी' असा हिशोब इथे लागतच नाही, दोन चोरांचा इगो हाच पिक्चर आहे.

आणि आळशीपणा म्हणाल तर कॅमेरा सोडरबर्गने स्वतः चालवलाय, क्रेडिटमध्ये पीटर अँड्र्यूज म्हणून जे नाव येतं ना, तो तोच. हातात धरलेला कॅमेरा, मधेच झूम, जुन्या युरोपियन पिक्चरचा फील, हे सगळं मुद्दाम केलंय. अ‍ॅमस्टरडॅमचा पार्ट तर परत बघाच, तिथली जुनी घरं लाकडी खांबांवर उभी असतात, तर हे पठ्ठे पाण्याखाली जाऊन अख्खं घरच वर उचलतात, का तर समोरून बाण नेमका बसावा म्हणून! एवढा येडेपणा सुचायलाही डोकं लागतं.

ज्युलिया रॉबर्ट्सच्या सीनला तुम्ही 'तळ गाठला' म्हणालात, मला तर तो सगळ्यात आवडतो. शूटिंगच्या वेळी बाई खरोखर प्रेग्नंट, नोव्हेंबर २००४ मध्ये जुळी झाली, डिसेंबरात पिक्चर आला. म्हणजे प्रेग्नंट ज्युलिया प्रेग्नंट नसलेली टेस (ओशनची बायको) करते, ती टेस खोटं पोट लावून प्रेग्नंट ज्युलिया बनते, आणि तेवढ्यात समोर खराखुरा ब्रूस विलिस हजर. हसू आलं नाही तर काय बोलणार.

बाकी आपटला वगैरे नाही हं, पहिल्याने ४५ कोटी डॉलरच्या आसपास कमावले, याने ३६ कोटी. कमी आहेत, पण फ्लॉप म्हणत नाहीत याला.

हां, पिक्चरमधली पोलीस बाई, म्हणजे कॅथरीन झेटा-जोन्स, तिच्या वडिलांचं प्रकरण शेवटी ज्या घाईत जुळवलंय ते मलाही पटलं नाही, तेवढ्यापुरता तुमच्या बाजूने आहे.