हावरटांना कायदा कशाला? कराडच्या सरांना उत्तर

सर, मद्रास हायकोर्टाच्या क्रिप्टोवरच्या आदेशाबद्दल लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही माझी चांगलीच खरडपट्टी काढलीय, आणि आयुष्य बँकेत घालवलेल्या माणसानं काढलीय म्हटल्यावर नुसतं ‘धन्यवाद’ टाकून सुटणं काही बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं असं की ज्यांनी हावरटपणानं पैसे घातले त्यांच्यासाठी पोलिसांनी आणि कोर्टानं वेळ का घालवायचा, नियम केले की या धंद्याला इज्जत मिळते त्यापेक्षा सरळ बंदी घाला, आणि मद्रासचा तो आदेश अंतरिम आहे, त्यानं सांगली-साताऱ्याच्या माणसाचा एक रुपया परत येणार नाही, मग एवढा उदो उदो कशाला.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथं तुम्ही निम्मे बरोबर आहात. चेन्नईच्या एका बाईंनी वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजवर साधारण दोन लाखांचे एक्सआरपी नावाचे क्रिप्टो टोकन घेतले होते. १८ जुलै २०२४ ला तिथं हॅक झाला, २३ कोटी डॉलरच्या आसपास माल गेला आणि सगळ्यांचीच खाती अडकली. आता चोरीला गेले ते दुसऱ्याच प्रकारचे टोकन, बाईंचे एक्सआरपी जागेवर, तरी कंपनीचं म्हणणं की सिंगापूरच्या कोर्टातून योजना होतेय, तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. २५ ऑक्टोबर २०२५ ला न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी सांगितलं की क्रिप्टो चलन नसलं, हातात धरता येत नसलं तरी ती मालमत्ता आहे आणि दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळता येते, शिवाय बाईंच्या रकमेला संरक्षणही दिलं. अंतरिम आहे, मान्य. पण मालमत्ता म्हटलं की सांभाळणाऱ्याच्या गळ्यात जबाबदारी पडते, नाहीतर ग्राहकाच्या हातात उरतं काय, न वाचता टिक केलेल्या अटी!

आता आपल्याकडचं. विट्याकडचे एक गलाईवाले ओळखीचे आहेत, उभं आयुष्य परराज्यात सोनं-चांदी गाळण्यात गेलं, म्हणजे माल पारखण्यात कच्चा गडी नाही. टेलिग्रामवरच्या कुठल्यातरी ग्रुपच्या नादानं यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेली क्रिप्टो, घेऊन एका ॲपवर पाठवत राहिले, ॲपमध्ये नफा फुगत गेला, काढायला गेले तर म्हणे आधी टॅक्स भरा. तक्रार द्यायला मी बरोबर गेलो होतो. ट्रॉन या क्रिप्टो नेटवर्कवरच्या वॉलेटचा, म्हणजे डिजिटल पाकिटाचा, पत्ता टी पासून सुरू होतो, ३४ अक्षरं असतात आणि त्यात कॅपिटल-स्मॉल वेगवेगळं धरलं जातं. हवालदारसाहेब माणूस चांगला, खुर्ची दिली, चहा सांगितला, पण स्क्रीनशॉट बघून त्यांनी तो पत्ता अख्खा कॅपिटलमध्ये टाइप केला, फॉर्म भरायची सवयच तशी. असा पत्ताच नसतो, त्यामुळं पुढं ज्याला पत्र जाणार तो ‘माहिती उपलब्ध नाही’ कळवून मोकळा. कॉपी-पेस्ट करावं तर ऑफिसच्या कॉम्प्युटरला बाहेरचं काही जोडायचं नाही. शेवटी मी एकेक अक्षर वाचत गेलो, छोटा के, मोठा झेड, आणि ते टाइप करत गेले. मागं लायनीत मोबाइल हरवलेली पोरं ताटकळत उभी.

हावरट म्हणालात. असतील की. पण एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा, १९९९ पासून आहे आणि तो ठेवीदाराला ‘तू कितव्या टक्क्याला भुललास’ असं विचारत नाही, पैसे बुडवणाऱ्याला धरतो. २०२२ मध्ये एनएसईएल या मालाच्या बाजारात गुंतवणूकदारांचे पैसे अडकले त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं त्यातली ठेवीची व्याख्या चांगली रुंद धरली, आणि त्या व्याख्येत पैशाबरोबर मौल्यवान वस्तूही येते. माझ्या मते क्रिप्टो घेऊन पळणारा यात बसायला हरकत नाही. खरी गोची जप्तीची आहे. आरोपीची जमीन असली की प्रांताचं पत्र निघतं, तलाठी सातबाऱ्यावर बोजा चढवतो, जमीन कुठं पळून जात नाही. क्रिप्टोला सातबारा नाही. फोन पुराव्याच्या पाकिटात सील झाला आणि सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट उघडायचे गुप्त शब्द, भाच्याच्या वहीत लिहिलेली निघाली, तर रातोरात माल दुसऱ्या वॉलेटला. पुण्यात गेनबिटकॉइन या क्रिप्टो घोटाळ्याच्या तपासात तर पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच, आरोपींची क्रिप्टो परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये अटक झाली. यावर बोट ठेवलं असतंत तर मी गप्प बसलो असतो. जप्त केलेला माल त्याच दिवशी कोर्टाच्या ताब्यातल्या वॉलेटला गेला पाहिजे आणि तो हलवायला एकापेक्षा जास्त माणसांची चावी लागली पाहिजे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या का असतात हे तुम्हाला मी काय सांगू.

बंदीचं म्हणाल तर तोही प्रयोग झालाय. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं बँकांना या धंद्याला सेवा द्यायची नाही म्हणून सांगितलं, ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं ते परिपत्रक उडवलं, कारण आपल्या देखरेखीखालच्या बँकांचं प्रत्यक्ष काय नुकसान झालं हे रिझर्व्ह बँकेला दाखवता आलं नाही. मधल्या काळात व्यवहार काही थांबले नव्हते, पीटूपीवर, म्हणजे माणसामाणसातल्या थेट देवघेवीवर, सरकले. मग २०२२ मध्ये ३० टक्के कर, वर १ टक्का टीडीएस, एकातला तोटा दुसऱ्यातून वजा करायची सोय नाही. यातनं गावाकडं निरोप काय गेला? ‘सरकार टॅक्स घेतंय म्हणजे लीगलच की!’ हे मी तासगावात ऐकलंय, मिरजेत ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या लोकांकडनं ऐकलंय. म्हणजे सर, ज्या इज्जतीची तुम्हाला भीती वाटते ती देऊन झालीय, तिच्याबरोबर यायची ती जबाबदारी तेवढी आलेली नाही. वझीरएक्सचे काही खातेदार सुप्रीम कोर्टात गेले तर एप्रिल २०२५ मध्ये कोर्टानं हा धोरणाचा विषय आहे म्हणून हात वर केले. नियमानं इज्जत मिळते हे मात्र तुमचं खरं, मार्च २०२३ पासून एक्सचेंजना एफआययू या केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडं नोंदणी करावी लागते, ती फक्त मनी लाँडरिंगवर नजर ठेवायला, तुमचे पैसे सुरक्षित आहेत असं त्यात कुठंही नाही, पण एजंट लोक असला कागद लॅमिनेट करून भिंतीला लावायला कमी करत नाहीत.

आणि कराडच्या माणसानं ‘बँक म्हणजे विश्वास, हे म्हणजे जुगार’ असं लिहावं याचं मला जरा नवल वाटलं. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात खोट्या बँक रिसीटांपायी बँक ऑफ कराड बुडाली. डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना गेला. तरी त्याच गावात लोक आजही बँकेतच पैसे ठेवतात, ते काय बँकांवर जीव आहे म्हणून? ५ लाखांपर्यंत विमा आहे, कुठला फॉर्म भरायचा, कुठले कागद जोडायचे हे लोकांना पाठ झालंय म्हणून. कराड जनताचा परवाना रद्द करतानाच रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं की ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण पैसे विम्यातून मिळतील. क्रिप्टोला असा विमा द्या असं मी म्हणत नाही, कुणाच्या पैशानं द्यायचा? पण ग्राहकाचा माल कंपनीच्या मालात मिसळायचा नाही, एवढा तरी कायदा करा. जपानमध्ये माउंट गॉक्स हे क्रिप्टो एक्सचेंज २०१४ ला बुडालं, त्यानंतर २०१७ पासून तिथं एक्सचेंजची नोंदणी आणि ग्राहकाची मालमत्ता वेगळी ठेवणं सक्तीचं झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे जगभर पसरलेलं एक्सचेंज कोसळलं तेव्हा बाकी जगातले खातेदार अमेरिकेतल्या दिवाळखोरी कोर्टाच्या रांगेत, आणि जपानी शाखेतले लोक फेब्रुवारी २०२३ मध्ये आपापले पैसे काढून घ्यायला लागले.

‘मग माणसानं करायचं काय, मद्रासला जायचं?’ असा टोमणा मारलाय तुम्ही. नको. फसवणूक असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, कारण पैसे अजून बँकेच्या खात्यात असतील तोवरच अडवता येतात. ट्रान्झॅक्शन आयडी आणि वॉलेटचा पत्ता मजकूर म्हणून जपायचा, नुसता स्क्रीनशॉट नको, का ते वर सांगितलंच. बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्याच्या, कलम १०७ खाली गुन्ह्यातनं मिळालेली मालमत्ता जप्त करून कोर्ट ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत फसलेल्यांना वाटायला लावू शकतं, आणि वाटपाला ६० दिवसांची मुदत आहे. पण त्यासाठी तपास अधिकाऱ्यानं एसपींच्या मंजुरीनं अर्ज करायला लागतो, तो करा म्हणून लेखी मागायचं आणि पोच घ्यायची. भारतीय एक्सचेंजनं सेवा नीट दिली नाही अशी तक्रार असेल तर ग्राहक आयोग, तोही सांगलीतलाच, कारण २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथं दाद मागता येते आणि अटींमध्ये लवाद लिहिलाय म्हणून आयोगाचं दार बंद होत नाही. समोरचा वकील ‘व्यापारी हेतू’ म्हणून अडवणार, त्याची तयारी ठेवायची.

गलाईवाल्यांचं १०७ साठीचं पत्र आम्ही दिलंय, पोच मिळालीय, उत्तर नाही. आता स्मरणपत्र लिहितोय. त्याचा मसुदा तुम्हाला मेल करतो, वसुलीच्या नोटिसा लिहिण्यात तुमचा हात बसलेला आहे, कुठं मिळमिळीत वाटलं तर खोडून लिहा.