नकाशा काढणाऱ्यांना युक्तीच्या चार गोष्टी

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं. जानेवारीत चार बटणं दाबून चार नगरसेवक निवडून दिलेत, म्हणून हक्काने फोन लावला. पहिले म्हणाले, "काका, तुमचा पट्टा ताई बघतात." ताई म्हणाल्या, "नाल्याच्या अलीकडचं ना? ते शेजारच्या प्रभागात गेलं बहुतेक." तिसऱ्यांच्या पीएने लोकेशन पाठवा म्हटलं, पाठवलं, दोन निळ्या टिका आल्या, संपलं. चौथ्यांचा फोन स्विच ऑफ. शेवटी वर्गणी काढून माणूस बोलावला. पण मला खरं म्हणजे कौतुक वाटलं हो. निवडून आलेल्या माणसालाही आपली हद्द कुठे संपते हे कळू नये अशी प्रभागांची रचना करणं हे येरागबाळ्याचं काम नोहे. राज्यात 29 महापालिका आहेत, उद्या तुमचीही तिथे प्रभागांचे नकाशे काढायला वर्णी लागू शकते, तेव्हा जे शिकलो ते तुम्हाला सांगून ठेवतो.

आधी मुहूर्त बघा. 2025ला मुंबईच्या प्रभाग रचनेचा मसुदा आला 22 ऑगस्टला, हरकती 4 सप्टेंबरपर्यंत, आणि मधे 27 ऑगस्टला गणपती. याला म्हणतात टायमिंग! मखर, मोदक, पाहुणे, पाच ठिकाणच्या आरत्या, यातून वेळ काढून कोण प्रगणक गटांची, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या छोट्या तुकड्यांची, यादी चाळत बसणार? आणि बसलाच कोणी तर घरचेच ओरडतात त्याला.

नकाशा शक्यतो स्कॅन करून टाका. वाकडा.

लोकसंख्या 2011ची घ्या. त्यात तुमचा दोष नाही, 2021ची जनगणना झालीच नाही आणि पुढची आता 2027ला. पण मजा बघा, नियम काय तर प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या 10 टक्के वर किंवा खाली, त्यापलीकडे गेलं तर कारण द्या. म्हणजे जिथे 2011ला ज्वारीचं शेत होतं आणि आज सतरा मजली सहा टॉवर उभे आहेत तिथे माणसं शून्य धरायची आणि मग त्या शून्याचे 10 टक्के काढायचे. हिशोब एकदम चोख बसतो, कोणी बोट ठेवू शकत नाही. टॉवरवाल्यांना पाणी, रस्ता, कचरागाडी लागते ते वेगळं.

दिशांचं मात्र अगदी काटेकोर पाळा. सुरुवात उत्तरेकडून करायची, मग ईशान्य, मग पूर्व, तिथून पश्चिमेकडे सरकत सरकत शेवट दक्षिणेला. एवढं तर वास्तूवालासुद्धा पाळत नाही. शिवाय नदी, नाला, रेल्वेलाइन, मोठा रस्ता अशा ठळक खुणांवरून हद्द न्यायची हाही नियम आहे. तोही पाळा, फक्त मधेच एक बोट नाल्यापलीकडे घालून तिथली नेमकी तीन गल्ल्यांची वस्ती उचलून आणा. त्या तीन गल्ल्यांत मी राहतो.

गोपनीयता फार महत्त्वाची! मसुदा जाहीर होईपर्यंत कोणाला कळता कामा नये. आमच्याकडे इतकी कडक पाळली की मसुदा यायच्या आठ दिवस आधी नाल्यापलीकडच्या एका इच्छुकाचे वाढदिवसाचे फ्लेक्स बरोब्बर आमच्या त्या तीन गल्ल्यांत लागले. इतकी वर्षं माणूस कधी फिरकला नव्हता. मनकवडा असणार.

आणि एका प्रभागातून किती जण निवडायचे हे दर वेळी बदलत ठेवा, लोकांना सवय लागली की ते प्रश्न विचारतात. मुंबई सोडून बाकी महापालिकांत 2002ला तीन, 2007ला एक, 2012ला दोन, 2017ला चार. मग 2019ला कायदा बदलून परत एक, 2021ला तीन, 2022ला पुन्हा चार. मुंबईत एकच असतो म्हणून तिथे जागा खेळवल्या, 227 च्या 236 केल्या, परत 227. यात सगळे पक्ष आले, उगाच एकाला शिव्या देऊ नका. चार ठेवण्याचा फायदा वर सांगितलाच, प्रत्येकाने उरलेल्या तिघांकडे बोट दाखवायचं.

सही कोणाची हे कळू देऊ नका. 1812 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने, गेरी नावाच्या, असल्याच एका वेड्यावाकड्या नकाशावर सही केली, तो सॅलॅमंडरसारखा दिसतो म्हणून पेपरवाल्यांनी त्याला गेरीमँडर नाव ठेवलं आणि दोनशे वर्षं झाली तरी बिचाऱ्याचं नाव शिवीसारखं वापरतात. आपल्याकडे ती भीती नाही. मसुदा महापालिका करते, तो नगरविकास खात्यातून जातो, शेवटची मान्यता राज्य निवडणूक आयोगाची. आता ठेवा नाव कोणाचं ठेवता ते.

आता मुख्य गोष्ट, सुनावणी. हे नीट वाचा. लोकांना बोलावल्याशिवाय लोकसहभाग होत नाही, त्यामुळे बोलवायचं, पण एकाच वेळी सगळ्यांना. मला सकाळी साडेदहाचं पत्र होतं. तिथे गेल्यावर कळलं की साडेदहाचं पत्र सगळ्यांनाच होतं. खुर्च्या तीसेक, माणसं दोनशेच्या वर, पंखे दोन चालू. मी हरकत लिहायला चार रात्री घालवल्या होत्या, गुगल मॅपच्या प्रिंट काढून त्यावर स्केचपेनने नाला निळा, हद्द लाल, आमचा पूल हिरवा. शेजारच्या आजींना बरोबर घेऊन गेलो होतो कारण नवीन रचनेत त्यांचं मतदान केंद्र नाल्यापलीकडे जातं आणि पुलाला फुटपाथ नाही, हे त्यांच्या तोंडून साहेबांनी ऐकावं असं माझ्या मनात होतं. पावणेदोनला नंबर आला. क्लार्कने नाव पुकारलं, साहेबांनी वर न बघता विचारलं, "मुद्दा काय?" मी प्रिंट पुढे केली. म्हणाले, "आवकला दिलीय ना? मग आहे ती फाईलमध्ये." मी म्हटलं, साहेब, नाला ही नैसर्गिक हद्द, तुमच्याच नियमात आहे, मग ती फक्त आमच्याइथेच का ओलांडली? म्हणाले, "नोंद घेतली." आजी बोलायला उभ्या राहिल्या तर त्यांच्या नावाची वेगळी हरकत नाही म्हणून त्यांना बोलता येणार नाही. खाली बसवलं त्यांना! ब्याऐंशी वर्षांच्या बाईला, तीन तास थांबवून! सगळं मिळून दीड मिनिट, मी घड्याळ बघितलंय. मग अंतिम रचना आली तेव्हा आमच्या हरकतीपुढे एकच शब्द, "अमान्य". का अमान्य? लोकसंख्या बसत नव्हती? नाला तुम्हाला दिसला नाही? का फ्लेक्सवाल्याचा फोन आला होता? अहो एक ओळ लिहा ना, शाळेतला मास्तरसुद्धा गणित चुकलं तर कुठे चुकलं तिथे लाल शाईने गोल करतो!

असो. विषय युक्तीचा चालला होता.

कोणी कोर्टाची भाषा केली तर घटनेचं 243 झेडजी कलम तोंडावर फेका, रचनेच्या कायद्याला कोर्टात आव्हान नाही म्हणून. असंच कलम लोकसभा-विधानसभेसाठी 329 आहे आणि त्याबद्दल 2024ला सुप्रीम कोर्ट म्हणालंय की रचना उघड मनमानी असेल तर कोर्ट बघू शकतं. हे मात्र सांगू नका.

आणि 2002चा परिसीमन कायदा तर लपवूनच ठेवा. विधानसभा-लोकसभेचे मतदारसंघ त्या कायद्याने झाले. त्यात लिहिलंय की आयोगाने प्रस्ताव छापताना सहयोगी सदस्यांचे असहमतीचे प्रस्तावही सोबत छापायचे, आणि जाहीर बैठका घ्यायच्या. असहमती छापायची! सरकारी राजपत्रात! आता ते सगळं आदर्श झालं असं मी म्हणत नाही, त्या सदस्यांना, म्हणजे आमदार-खासदारांना, मतदानाचा अधिकार नव्हताच. पण कोणाचं काय म्हणणं होतं ते कागदावर तरी येतं ना. मग जे आमदाराच्या मतदारसंघाला जमतं ते माझ्या गटाराच्या प्रभागाला का नाही जमत?

जाऊ दे ती युक्ती आणि जाऊ दे तो उपरोध, मला नाही जमत आता. सरळ सांगतो. तुम्ही लोकांना बोलावता ते निर्णय झाल्यावर. रेषा आधी पक्की होते आणि मग आमच्याकडून हरकती गोळा करता, म्हणजे उद्या सांगायला मोकळे की बघा, इतक्या लोकांनी सहभाग घेतला. लाज वाटली पाहिजे. तुमच्याकडे प्रत्येक प्रगणक गटाचा आकडा आहे, कॉम्प्युटरवर नकाशा आहे, तो जसाच्या तसा टाकायला काय जातं? एक तरी पर्यायी मसुदा दाखवा, हा का घेतला आणि तो का सोडला ते लिहा. प्रत्येक हरकतीपुढे कारण लिहा. पैसे लागत नाहीत त्याला, नियत लागते.

आणि तुम्ही पण, वाचणारे. आमच्या तीन गल्ल्यांत मिळून दोनशे घरं आहेत आणि हरकती किती गेल्या माहितीये? चार. त्यातल्या दोन माझ्या आणि माझ्या बायकोच्या. चेंबर तुंबल्यावर ग्रुपवर संतापाचे सत्तर मेसेज आले, पण ऑगस्टमध्ये मी हरकतीचा फॉर्म त्याच ग्रुपवर टाकला होता, तेव्हा खाली अंगठे आले सतरा आणि एकाने गणपतीचा स्टिकर टाकला.

2027ची जनगणना झाली की पुढच्या वेळी नकाशे परत निघणार. फाईल मी जपून ठेवलीये, स्केचपेनसकट. आजींच्या नावाची वेगळी हरकत आत्ताच लिहून ठेवतोय. आणि या वेळी "नोंद घेतली" म्हणालात तर काय नोंद घेतली ते वाचून दाखवल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाही, उठवायचं तर उठवा.