फौजीवर दावाच चालत नाही? कुणी सांगितलं, भाऊ?

नागपुरात कामठीच्या छावणीपासून वायुसेनानगरपर्यंत फौजी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: जवान सेवेत असेपर्यंत त्याच्यावर दिवाणी दावा चालत नाही. कर्ज, घरभाडं, बिल्डरचे हप्ते सगळं थांबतं. सहा टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. पगार, घर काहीच जप्त होत नाही, अटकही नाही. आणि शेवटी सल्ला: कोर्टाचा कागद आला तर घेऊच नका.

हा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच घेतो.

सेवेतल्या सैनिकाचं समन्स कोर्ट त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवतं, दिवाणी प्रक्रिया संहितेत तसा नियमच आहे. म्हणजे मानेवाड्याच्या घरी बायकोने पोस्टमनला परत पाठवलं म्हणून काही टळत नाही. समन्स बजावलं गेलं आणि कुणी हजर झालं नाही की एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमची बाजू न ऐकताच निकाल, होतो. मग तो रद्द करून घ्यायला आधीपेक्षा दुप्पट धावपळ.

"दावा चालत नाही" या वाक्यामागे एक खरा कायदा आहे: भारतीय सैनिक (दावे) कायदा, १९२५. पण तो दावा संपवत नाही, पुढे ढकलतो, आणि तेही सरसकट नाही. जवान युद्धपरिस्थितीत, समुद्रापार किंवा कायद्याने विशेष मानलेल्या परिस्थितीत सेवेत असेल, त्याच्या वतीने कोर्टात कुणी नसेल, तर कोर्ट काम थांबवून लष्करी अधिकाऱ्याला नोटीस पाठवतं. न्यायासाठी तहकुबी गरजेची आहे असं प्रमाणपत्र त्यांनी दिलं, तर तारीख पुढे जाते. ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आलंच नाही, तर कोर्ट पुढे जाऊ शकतं. अशा सेवेच्या काळात विरोधात झालेला हुकूमनामा रद्द करण्याची आणि दावा-अपील करण्याच्या मुदतीच्या हिशोबातून तो काळ वगळण्याची सोयही आहे. हा सैनिक हजर राहू शकत नाही, असं कोर्टाला कळवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांनाही आहे. उपयोगाचा कायदा आहे, शंभर वर्षांचा झाला तरी. पण शांततेच्या पोस्टिंगवर कामठीत नोकरी करणाऱ्याने सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात हा कायदा पुढे केला, तर न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील: विशेष परिस्थिती कोणती?

त्याच्यासाठी दुसरे दोन रस्ते आहेत, आणि त्या मजकुरात नेमके तेच नाहीत. सुट्टी मिळत नसेल तर जवान आपल्या वतीने दावा लढवायला कुणालाही लेखी अधिकार देऊ शकतो. वडील, भाऊ, बायको, कुणीही. सही कमांडिंग ऑफिसरसमोर करायची, साहेब प्रतिस्वाक्षरी करतात आणि तो कागद कोर्टात दाखल होतो. सुट्टी मिळत असेल तर सेना कायदा, १९५० चं कलम ३२ आहे. दाव्यासाठी सुट्टी मंजूर झाल्याचं किंवा मागितल्याचं प्रमाणपत्र द्या, कोर्टाने शक्यतो त्या सुट्टीतच सुनावणी आणि निकाल उरकायचा. जमलं नाही तर कारणं नोंदवायची. या अर्जाला कोर्ट फी नाही. हे सोडून लोक "कागद घेऊ नका" पुढे पाठवतात. काय म्हणावं!

जप्ती आणि अटकेचं अर्धं खरं आहे. सेना कायद्याच्याच कलम २८ प्रमाणे पगार, भत्ते, शस्त्रं, गणवेश, सरंजाम यांवर दिवाणी कोर्टाची जप्ती येत नाही. कलम २९ प्रमाणे दलात असेपर्यंत कर्जापायी दिवाणी किंवा महसुली कोर्टाच्या हुकमाने अटक होत नाही. वायुसेना कायद्यातही तसंच आहे. पेन्शनला १८७१ च्या पेन्शन कायद्याचं संरक्षण आहे. पण घर? बेसा-मनीषनगरचा फ्लॅट, गावचा प्लॉट, गाडी यांचं नाव या यादीत कुठेच नाही. गृहकर्जाला घरच तारण असतं, हेही विसरू नका. आणि चेक बाऊन्सचा खटला फौजदारी असतो. दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो, तिथे कलम २९ ची ढाल चालत नाही.

सहा टक्के व्याजाचा आकडा अमेरिकेचा आहे. तिथल्या २००३ च्या सैनिक संरक्षण कायद्यात भरतीच्या आधी घेतलेल्या कर्जावर ही मर्यादा आहे. भरतीनंतरच्या कर्जाला तीही नाही. बदलीचा हुकूम आला की घराचा भाडेकरार मोडण्याची मुभाही त्याच कायद्यातली. आपल्या बँकेच्या खिडकीवर तो सांगून उपयोग नाही.

भाड्याचं तर आपल्याकडे उलटंच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २३ फौजी घरमालकाला स्वतःला राहायला घर परत मिळवून देतं. भाडेकरू फौजीला बदलीसाठी त्यात वेगळी सूट नाही. त्यामुळे नागपुरात अकरा महिन्यांचा करार करताना 'बदली झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीवर करार संपेल, अनामत पूर्ण परत मिळेल' ही ओळ आधीच लिहून घ्या. लॉक-इनचं, म्हणजे ठरावीक काळ घर सोडता येणार नाही असं कलम असेल तर हा अपवाद त्या कलमातच घाला. करार नोंदवणं ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे, तेवढं त्याला आठवण करून द्या.

एक राहिलं: सशस्त्र दल न्यायाधिकरण. बिल्डर किंवा दुकानदाराशी झालेला वाद तिथे जात नाही. ते फक्त सेवेच्या बाबींसाठी आणि कोर्ट मार्शलच्या अपिलांसाठी आहे. बिल्डरसाठी महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) किंवा ग्राहक आयोग, आणि तिथेही अर्ज तुम्हालाच करावा लागतो.