झोपलेला मासा

परवा किनाऱ्यावरूनच नाइट डाइव्हला उतरलो होतो. गेलो ऐटीत, बाहेर आलो तो शेवाळावर घसरून गुडघाभर पाण्यात बसकण मारून. पाठीवर टाकी, एक फिन, म्हणजे पोहायचा रबरी पंजा, पायात, दुसरी बेपत्ता. समोर मोबाइलची बॅटरी माझ्या तोंडावर मारत एक काका.

"काही हरवलंय का?"

"नाही हो, डायव्हिंग."

"या वेळी? काय दिसलं मग?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मी धापा टाकत पॅरटफिश सांगायला घेतला. काही जातींचे पॅरटफिश रात्री स्वतःभोवती शेंबडासारखी पारदर्शक पिशवी करून आत झोपतात, रक्त पिणारे बारीक किडे चावू नयेत म्हणून.

"म्हणजे मच्छरदाणी."

"तसंच."

"तो झोपला होता?"

"गाढ."

"आणि तुम्ही मच्छरदाणीत बॅटरी मारलीत."

मी नाकातलं पाणी काढण्यात वेळ काढला.

"तुम्ही झोपलात आणि कुणी असं केलं तर?"

आता यांना काय सांगू, की बॅटरीचा त्रास मलाच जास्त झाला! एक लायनफिश माझ्या खांद्याला चिकटून हिंडत होता. मी ज्या माशावर कौतुकाने झोत टाकावा, तो हा गट्ट करणार. बडीकडे, म्हणजे पाण्यातल्या माझ्या जोडीदाराकडे, हातवारे करून तक्रार केली, तर त्याने बोटांचा गोल करून 'ओके' कळवलं. हवा संपत आल्याची खूण आहे, कान दुखतोय याची आहे. 'हा फुकट्या माझ्या उजेडात जेवतोय' याला नाही. वर ती 12 लिटरची टाकी खडकांतून वाहून न्यायची मीच.

"ऑक्टोपस दिसला?" काकांनी विचारलं. "त्याला म्हणे तीन हृदयं असतात."

"असतात. रक्तही निळं. नाही दिसला." 50 मिनिटं कपारीन् कपार शोधली होती, हे कशाला सांगा?

"मग ते काय?"

माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर माझी हरवलेली फिन होती आणि तिच्यावर ऑक्टोपस. हातांवरचे वाटीसारखे चोषक एकेक टेकवत सावकाश चव घेत होता. त्याची जीभ म्हणजे तेच. मी श्वास रोखला. आता कुठे नीट बघणार, तोच काकांनी बॅटरी बंद केली.

"त्याच्या डोळ्यांवर येतोय उजेड," म्हणाले, आणि चालायला लागले.

फिन मी अंधारात चाचपडत शोधली.