नंदीचं अर्धं तिकीट

लाकडी बैलालाही तिकीट लागतं, हे मला परवाच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याला, कळलं. अर्धं लागतं. तीस रुपये.

नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघून येताना पोरासाठी इतवारीतून नंदी घेतला होता. गुडघ्याएवढा, चाकांचा, शिंगांना सोनेरी रंग. दिघोरीला उमरेडकडं जाणारी काळीपिवळी जीप भरत होती. डायव्हर माझ्याकडं न बघता नंदीकडं बघत म्हणाला, "याचं कोण देईन?"

"मांडीवर घेतो ना भाऊ."

"मांडीवर घेसान तं अर्धं. खाली ठेवसान तं फुल्ल."

शेजारी धोतर नेसलेले एक आजोबा बसले होते, पायाशी भेंडीच्या बियाण्याची पिशवी. त्यांनी लगेच वकीलपत्र घेतलं. "किती वर्षाचा हाये जी हा?"

"आत्ताच घेतला, आजोबा."

"मंग तं दूधपितं लेकरू झालं! लहान लेकराले कुठी तिकीट रायते बे?"

डायव्हर शांतपणे म्हणाला, "शिंगं पाहा ना बाबाजी. दूधपित्या लेकराले एवढाली शिंगं रायतात का?"

आजोबांनी शिंगं हातानं चाचपली. त्यांच्या बोटाला सोनेरी रंग लागला, तो त्यांनी माझ्या पांढऱ्या शर्टाला पुसला आणि निकाल दिला, "थे बी खरं हाये."

मागच्या शीटवरच्या काकू कळवळल्या. "आजच्या दिशी नंदीले पैसे मांगतं का रे? पाप लागन."

"काकू, पाप मी पाहून घेईन. डिझेल तुम्ही भरता का?"

आजोबांना तेवढ्यात नवी युक्ती सुचली. "चाकं हायेत ना त्याले? मंग दोरीनं बांधा ना मांगं. येईन आपला घरंगळत." यावर गाडीतल्या सगळ्यांनी गंभीरपणे विचार केला. एकानं तर दोरीही काढली. मी दोघांचं म्हणून शंभराची नोट दिली.

आता मारबतीचं सांगायचं तर काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेली नागपूरकर भोसल्यांची बांकाबाई, असं सांगतात. नेहरू पुतळ्याजवळ दोघी समोरासमोर येतात, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. मागून बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, येतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, ज्या पुढाऱ्यावर लोक चिडलेले असतील त्याचा बडग्या. शहराला जे जे सलतं ते सगळं वाजतगाजत नेऊन जाळतात. आमच्या गावात पळसाच्या फांद्या उचलून शिवेबाहेर फेकायच्या आणि "घेऊन जाय गे मारबत" म्हणून बोंब ठोकायची, की झालं. संध्याकाळी गावाकडं यायला एक गाडी नाही, म्हणून सहा-सात जणांच्या जीपमध्ये चौदा माणसं कोंबून घ्यावी लागतात. याचा बडग्या मला अजून कुठल्याही मिरवणुकीत दिसलेला नाही. नागपूरकरांना ते सलत नाही, आणि आमच्याकडं पुतळा बांधायला वर्गणी जमत नाही.

तर पाचगावच्या अलीकडं आणखी तिघं चढले. डायव्हरनं मागं न वळता फर्मावलं, "नंदी उभा करा, नंदी उभा करा!" अर्ध्या तिकिटाचा प्रवासी उभा राहिला, म्हणजे मी त्याला डोक्यावर धरला. एक शिंग टपाला घासत होतं, दुसरं नव्या पाहुण्याच्या कानात. पाहुणा म्हणाला, "हे जनावर आवरा जी." जनावराचे डोळे मात्र रंगाऱ्यानं इतके भोळे काढले होते की शिव्या सगळ्या मलाच बसत होत्या.

तान्ह्या पोळ्याला पोरं नंदी घेऊन दारोदार फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. आमच्या नंदीकडून मात्र गाव यायच्या आधीच वसूल झाला होता. आजोबा कुही फाट्याला उतरताना म्हणाले, "तुमी उगाच देले पैसे. मी असतो तं देले नसते." मी त्यांच्या पिशवीकडं बघितलं. बियाण्याला तिकीट नव्हतं.

गावात उतरलो तेव्हा वेशीपाशी सजवलेल्या नंद्यांची रांग लागली होती आणि पोरगं आरोळ्या मारत धावत येत होतं. माझं भाडं साठ आणि नंदीचं तीस, असे नव्वद. मी शंभराची नोट दिलेली होती, म्हणून दहा रुपये मागितले.

"सुट्टे नाही भाऊ," डायव्हर गियर टाकत म्हणाला, "नंदीच्या नावावर जमा ठेवतो. पुढच्या पोळ्याले कापून घेऊ."